पौरुषग्रंथीची वाढ आणि शल्यवैद्याचे बोट

लघवीच्या तक्रारीविषयी चारचौघांत बोलू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. घरातली वडील मंडळी रात्रीतून चार-चार वेळा उठतात, मोरीत बराच वेळ उभी राहतात, लांबचा प्रवास टाळतात, कीर्तनाला गेली तर मागे दाराशी बसतात. आणि कोणी विचारलेच तर "वय झालं आता" एवढे म्हणून विषय मिटवतात. मग एखाद्या थंडीच्या रात्री लघवी साफ तुंबते, ओटीपोट ढोलासारखे तटतटते, आणि जिवाच्या आकांताने डॉक्टरकडे धाव घ्यावी लागते. हा प्रसंग ज्या घराने कधी पाहिला नाही, असे घर विरळाच. असे असूनही या दुखण्याचा इतिहास फार थोड्यांना ठाऊक असतो. तो मनोरंजक तर आहेच. पण काय काढायचे आणि काय मागे ठेवायचे हे शल्यवैद्याला कसे उमगत गेले, याची ती हकीकत असल्यामुळे ती प्रत्येक वयस्क पुरुषाच्या उपयोगाचीही आहे. म्हणून आज आम्ही हा विषय घेतला आहे.

प्रथम ही ग्रंथी आहे तरी कोठे, ते पाहू. मूत्राशय ही एक स्नायूंची पिशवी आहे. तिच्या तळाशी, मूत्रमार्ग जेथे सुरू होतो तेथे, त्याच्या भोवताली अंगठीसारखी बसलेली ही ग्रंथी. तारुण्यात तिचा आकार साधारण अक्रोडाएवढा आणि वजन सुमारे वीस ग्रॅम. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती तयार करते. 'प्रोस्टेट' या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'पुढे उभा राहणारा' असा आहे. त्यावरूनच आपल्या परिभाषेत 'पुरःस्थ ग्रंथी' हे नाव आले. बोलण्यात मात्र 'पौरुषग्रंथी' हाच शब्द रुळला आहे, आणि आम्हीही तोच वापरणार आहो. चाळिशीनंतर या ग्रंथीच्या आतल्या भागात, मूत्रमार्गाला अगदी लागून, लहान लहान गाठी धरू लागतात. साठीच्या सुमारास निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीच्या पुढे बहुतेक सर्वांत ही वाढ सापडते. ती कर्करोग नव्हे, हे येथेच स्पष्ट सांगितलेले बरे. ती शरीरात इतरत्र पसरत नाही. तिचा सारा उपद्रव जागेचा आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या घरांनी ओटे पुढे घ्यावेत आणि मधून बैलगाडी जाऊ नये, तसला हा प्रकार. बिचारे मूत्राशय जोर लावून लावून जाडजूड होते, तरी पुरते रिकामे होत नाही. उरलेली लघवी नासते, मागे मूत्रपिंडांवर दाब येतो, आणि शेवटी रोगी दगावतो तो मूत्रपिंडे निकामी होऊन.

आपल्या सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे प्रकार सांगितले आहेत. त्यांत 'वाताष्ठीला' नावाच्या विकाराचे वर्णन येते: मलमार्ग आणि बस्ती यांच्या मध्ये वाटोळ्या दगडासारखी घट्ट, न हलणारी, वर उचललेली गाठ, जिच्यामुळे मूत्र अडते. ही पौरुषग्रंथीचीच वाढ असे कित्येक जण छातीठोकपणे सांगतात. आम्ही एवढे धाडस करणार नाही. त्या गाठीने वायू आणि मळही अडतो, असे ग्रंथकार म्हणतो, आणि ते या दुखण्याशी नीट जुळत नाही. परंतु जागा मात्र अचूक आहे. त्याच ग्रंथात मुतखडा काढण्याची शस्त्रक्रिया सांगितली आहे. वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या शिवणीच्या डावीकडे, जवाएवढे अंतर सोडून, छेद घ्यावा असा तो विधी आहे. शस्त्र न चालवले तर मृत्यू ठरलेला आणि चालवले तरी यशाची खात्री नाही, म्हणून आधी राजाची अनुज्ञा घ्यावी, असेही तेथे बजावले आहे. खड्यासाठी जी वाट दोन हजार वर्षांपूर्वी माहीत होती, ती ग्रंथीसाठी वापरायला एकोणिसावे शतक संपत यावे लागले. कारण उघड आहे. खडा सुटा असतो, बोटाला लागतो. ग्रंथी जागेला चिकटलेली, खोल, आणि शिरांच्या जाळ्यात गुरफटलेली. तेथे आंधळेपणाने शस्त्र घालणे म्हणजे रक्ताचा पूर ओढवून घेणे.

तोवर उपाय एकच, नळी. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात ब्राँझच्या वळणदार नळ्या सापडल्या आहेत. १७५२ साली बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या आजारी भावासाठी चांदीची, सांधे असलेली लवचिक नळी करवून घेतली. विजेचा पतंग उडवणाऱ्या या थोर पुरुषाने असल्या कामातही डोके घातले होते, हे आम्हांस मोठे कौतुकाचे वाटते. १८६० च्या सुमारास पॅरिसच्या नेलातोंने तांबड्या रबराची मऊ नळी प्रचारात आणली आणि रोग्यांचे हाल पुष्कळ कमी झाले. विलायतेत त्या काळी हजारो म्हातारे स्वतःच्या हाताने दिवसातून तीन-चार वेळा नळी घालून घेत. टोपीच्या अस्तरात किंवा पोकळ काठीत ती जवळ बाळगीत. इंग्रज डॉक्टरांनी या स्थितीला 'नळीचे आयुष्य' असे नावच देऊन टाकले होते. पण त्या आयुष्याला बहुधा फार लांबी नसे. नळी उकळून घ्यायची असते हे कोणाला ठाऊक नव्हते; तिच्याबरोबर आत जंतू जात, ताप भरे, आणि काही महिन्यांत किंवा थोड्या वर्षांत सगळे आटोपे.

ग्रंथीची वाढ हेच लघवी अडण्याचे कारण, हेही लोकांना उशिराच समजले. सोळाव्या शतकात व्हेनिसच्या निकोलो मास्साने ग्रंथीचे वर्णन केले आणि वेसॅलियसने १५३८ साली तिचे चित्र छापले. तरी मूत्रमार्गात मांस वाढते आणि ते खरवडावे, अशीच वैद्यांची समजूत पुढे दीर्घकाळ टिकून होती. १७६१ साली इटलीच्या मोर्गान्यीने शवविच्छेदनावरून वाढलेल्या ग्रंथीचे नीट वर्णन केले. त्यानंतर पंचवीस वर्षांनी लंडनच्या जॉन हंटरने आणखी एक मोठी गोष्ट नोंदवली. खच्ची केलेल्या जनावरांत ही ग्रंथी खुरटलेली राहते, हे त्याने पाहिले. म्हणजे तिचे पोषण वृषणांवर अवलंबून आहे.

या निरीक्षणातून शंभर वर्षांनी जे निघाले ते वाचताना अंगावर काटा येतो. फिलाडेल्फियाच्या विल्यम व्हाइट नावाच्या शल्यवैद्याने १८९३ साली सुचवले की म्हाताऱ्यांचे वृषण काढून टाकावेत, म्हणजे ग्रंथी आपोआप आकसेल. दोन वर्षांत एकशे अकरा रोग्यांची हकीकत त्याने प्रसिद्ध केली. बहुतेकांची ग्रंथी खरोखरच लहान झाली होती. पण शेकडा अठराच्या आसपास रोगी दगावले होते. तर्क बरोबर आणि उपाय भयंकर, असा हा दाखला. काही वर्षांत ही पद्धत मागे पडली. परंतु तर्क मेला नव्हता. तो पुढे पाऊणशे वर्षांनी पुन्हा आपल्या भेटीला येणार आहे.

दरम्यान क्लोरोफॉर्म आला होता, लिस्टरने जखमा निर्जंतुक ठेवायला शिकवले होते, आणि ओटीपोटाच्या हाडाच्या वर छेद घेऊन मूत्राशय उघडण्याचे धैर्य डॉक्टरांना आले होते. शिकागोच्या बेलफील्डने १८८६ साली आणि लीड्सच्या मॅक्‌गिलने पुढच्याच वर्षी त्या वाटेने ग्रंथीचे पुढे आलेले तुकडे काढले. न्यूयॉर्कच्या यूजीन फुलरने १८९४ पासून आतली सगळी वाढ बोटाने उकरून काढायला सुरुवात केली. अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला ॲरिझोनाच्या रानवट मुलखात जॉर्ज गुडफेलो हा डॉक्टर होता. पिस्तुलबाजांच्या अंगातल्या गोळ्या काढण्याबद्दल त्याची ख्याती. त्याने १८९१ साली खालच्या, म्हणजे सुश्रुताच्या वाटेने ग्रंथी काढली. या वाटेने मुद्दाम ठरवून केलेली ती पहिलीच शस्त्रक्रिया, असे मानतात. पण या साऱ्यांपेक्षा ज्याचे नाव दुमदुमले तो पीटर फ्रायर. आणि तो तयार झाला हिंदुस्थानात.

फ्रायर जन्माने आयरिश. १८७५ साली तो इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाला आणि वीस वर्षे आजच्या उत्तर प्रदेशाच्या भागात त्याने नोकरी केली. त्या मुलखात मुतखड्याचे रोगी अतोनात. बोस्टनच्या बिगेलोने १८७८ साली दाखवलेली, खडा मूत्राशयातच चिरडून धुऊन काढण्याची पद्धत फ्रायरने उचलली आणि शेकडो गोरगरिबांवर करून ती हातात पक्की बसवली. रामपूरच्या नबाबाचा खडा त्याने असाच काढला, तेव्हा खूश होऊन नबाबाने सुमारे एक लाख रुपये बक्षीस दिले. सरकारी डॉक्टराने संस्थानिकाकडून एवढी रक्कम घ्यावी हे वरिष्ठांना खपले नाही आणि त्यावरून मोठा वाद माजला. फ्रायर १८९६ साली निवृत्त होऊन लंडनला गेला व तेथल्या सेंट पीटर्स या मुतखड्याच्या रुग्णालयात रुजू झाला. जे बोट हिंदुस्थानातल्या रोग्यांच्या मूत्राशयात वीस वर्षे वावरले होते, त्या बोटाची ही पुण्याई, असे आम्ही म्हणतो ते अलंकार म्हणून नव्हे. पुढची सगळी करामत बोटाच्या स्पर्शज्ञानाचीच आहे.

डिसेंबर १९०० मध्ये त्याने ही शस्त्रक्रिया प्रथम केली आणि जुलै १९०१ मध्ये चार रोग्यांची हकीकत छापली. रीत अशी. ओटीपोटावर छेद घेऊन मूत्राशय उघडायचे. एका हाताचे बोट गुदद्वारातून घालून ग्रंथी वर उचलून धरायची. दुसऱ्या हाताचे बोट मूत्राशयात घालून नखाने वरचा पापुद्रा फोडायचा, आणि गाठ व तिच्या भोवतालचे टरफल यांच्या मधल्या फटीत बोट सरकवून सगळी गाठ सोडवून आणायची. संत्रे सोलताना आपण साल आणि फोडी यांच्या मध्ये अंगठा घालतो, अगदी तसेच. काही मिनिटांचे काम. मग जाड रबरी नळी घालून ठेवायची. रक्त बांधण्याचा वेगळा उपाय नाही. टरफल आपोआप आकसते व रक्त थांबते, हा भरवसा. जखम भरायला कित्येक आठवडे लागत, आणि तोवर पोटावरून लघवी झिरपत राही. तरीही १९१२ साली त्याने एक हजार रोग्यांचा हिशेब मांडला, त्यात मृत्यू शेकडा पाच-सहाच्या आत-बाहेर होते. नळीच्या आयुष्यापुढे हा आकडा म्हणजे जीवदानच होते.

फुलरने अर्थातच तक्रार केली की ही पद्धत आपली. तारखा पाहता त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण आम्हांस या भांडणापेक्षा फ्रायरची एक चूक अधिक महत्त्वाची वाटते. आपण पौरुषग्रंथी समूळ काढतो, असे त्याचे ठाम म्हणणे होते. ते बरोबर नव्हते. जी वाढ होते ती आतल्या भागात. ती वाढता वाढता मूळच्या ग्रंथीला बाहेर रेटून चपटी करते. फ्रायर काढत होता ते आतले संत्रे. ज्याला तो नुसते टरफल समजत होता, ती खरी ग्रंथीच होती आणि ती जागच्या जागी राहत होती. म्हणूनच त्याचे रोगी वाचत होते! सगळी ग्रंथी खरोखरच उपटली असती, तर लघवी धरून ठेवणारे स्नायू आणि भोवतालच्या शिरा यांची धुळधाण उडाली असती.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते, आणि ती पुष्कळांना कोणी सांगितलेली नसते. "माझी प्रोस्टेट काढलेली आहे" असे म्हणणाऱ्या गृहस्थाची प्रोस्टेट बहुधा काढलेली नसते. तिच्यातली वाढ तेवढी काढलेली असते. आणि कर्करोग होतो तो बहुतेक करून त्या उरलेल्या बाहेरच्या भागात. तेव्हा शस्त्रक्रियेनंतरही डॉक्टर तपासणीला बोलावतात ते उगाच नव्हे. कर्करोगासाठी मात्र ग्रंथी टरफलासकट काढावी लागते. बाल्टिमोरच्या ह्यू यंगने १९०४ साली ती शस्त्रक्रिया खालच्या वाटेने केली. हाच यंग अमेरिकेतला नामांकित मूत्रविकारतज्ज्ञ झाला. 'डायमंड जिम' ब्रॅडी हा खादाड आणि हिऱ्यांच्या नादी लागलेला कोट्यधीश त्याच्याकडे आला तेव्हा इतर डॉक्टरांनी हात टेकले होते. यंगने पोट न फाडता, मूत्रमार्गातून एक पोकळ सुरी घालून अडथळ्याचे तुकडे पाडले आणि त्याला मोकळे केले. ब्रॅडीने कृतज्ञतेने जी देणगी दिली, तिच्यातून १९१५ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मूत्ररोगांची संस्था उघडली गेली. नबाबाच्या लाखापेक्षा हा पैसा अधिक चांगल्या मार्गी लागला, असे म्हणावयास हरकत नाही.

मूत्रमार्गातून काम करायचे तर आत पाहता आले पाहिजे. १८०६ साली बोझिनीने मेणबत्तीच्या उजेडात हा प्रयत्न केला होता. नित्झे या जर्मन डॉक्टरने १८७७ ते १८७९ या काळात भिंगांची दुर्बीण तयार केली. तिच्या टोकाशी प्लॅटिनमची तार विजेने तापून प्रकाश देई आणि आतले मांस भाजू नये म्हणून भोवती थंड पाणी खेळवावे लागे. एडिसनचा दिवा निघाल्यावर ही कटकट संपली. पुढे १९२६ साली न्यूयॉर्कच्या स्टर्नने दुर्बिणीबरोबर विजेच्या तारेचे कडे जोडले. या कड्याने ग्रंथीचे पातळ काप कापता येऊ लागले. पण रक्त थांबत नसे. ती अडचण दूर केली साउथ कॅरोलायनातल्या थिओडोर डेव्हिसने; वैद्यकाकडे वळण्यापूर्वी तो विजेच्या धंद्यात होता, त्यामुळे कापायला एक प्रवाह व शीर भाजून बंद करायला दुसरा, ही जोडणी त्याला सुचली. त्याने १९३१ साली आपले काम प्रसिद्ध केले, मॅकार्थीने दुर्बीण सुधारली, आणि पोटावर जखम नसलेली शस्त्रक्रिया अमेरिकेत झपाट्याने पसरली.

तिचेही एक मरण होते. काप धुऊन नेण्यासाठी सारखे पाणी सोडावे लागते, आणि कापलेल्या शिरांतून ते पाणी रक्तात शिरते. साध्या शुद्ध पाण्याने रक्तपेशी फुटतात व रोगी दगावतो, हे १९४७ साली क्रीव्हीने दाखवून दिले. मिठाचे पाणी वापरावे तर ते वीज वाहून नेते आणि कडे कापेनासे होते. म्हणून ग्लायसीनचे द्रावण आले. तेही फार शिरले तर रक्तातले सोडियम उतरते आणि रोगी बरळू लागतो. म्हणून काम सुमारे तासाभरात आवरायचे, असा दंडक पडला. अगदी मोठी गाठ या मार्गाने काढू नये, हा नियम त्यातूनच आला. दोन्ही ध्रुव एकाच उपकरणात असलेली कडी अलीकडे निघाली, तेव्हा कोठे मिठाचे पाणी वापरता येऊ लागले.

इंग्लंडात मात्र पोटावरचीच वाट अधिक आवडती राहिली, आणि ती सुधारली आणखी एका आयरिश माणसाने. टेरेन्स मिलिन हा आयर्लंडकडून रग्बी खेळलेला गडी. त्याने डिसेंबर १९४५ मध्ये वीस रोग्यांची हकीकत छापली. मूत्राशय उघडायचेच नाही. हाडाच्या मागून सरळ ग्रंथीच्या टरफलावर छेद घ्यायचा, गाठ सोडवायची, रक्त कोठून येते ते डोळ्यांनी पाहायचे आणि ती शीर बांधायची. तोवर फोलेची फुग्याची नळी आली होती, रक्त देण्याची सोय झाली होती, पेनिसिलिन मिळू लागले होते. म्हाताऱ्या माणसाला ही शस्त्रक्रिया सोसत नाही, हे म्हणणे येथून पुढे खरे राहिले नाही.

परंतु लोकांच्या मनातली भीती आकड्यांनी जात नाही. ऑक्टोबर १९६३ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान मॅकमिलन यांची लघवी एका रात्री तुंबली. आता आपल्याच्याने कारभार होणार नाही, असे मनाने घेऊन त्यांनी रुग्णालयातूनच पद सोडत असल्याचे कळवले. शस्त्रक्रिया झाली, वाढ साधी निघाली. त्यानंतर ते तेवीस वर्षे जगले आणि ब्याण्णवाव्या वर्षी वारले. पुढल्याच एप्रिलमध्ये, १९६४ साली, फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्यावर त्र्याहत्तराव्या वर्षी हीच शस्त्रक्रिया झाली. ते पुन्हा कामावर आले आणि १९६९ पर्यंत अध्यक्षपदी होते. दुखणे एक, शास्त्र एक. फरक पडला तो त्या दुखण्याविषयी मनात काय बसले होते यामुळे. मॅकमिलन यांच्या निर्णयाला राजकारणाची इतरही कारणे होती, हे आम्ही विसरत नाही. तरी त्या रात्रीच्या भीतीचा वाटा लहान नव्हता.

आता त्या जुन्या तर्काची गाठ घेऊ. १९७४ साली इम्पेराटो-मॅक्‌गिन्ली या विदुषीने डोमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या मुलांत पुरुषी अंतःस्रावाचे अधिक जोरदार रूप तयार करणारे एक द्रव्य जन्मतःच नव्हते. मोठेपणी त्यांना दाढी विरळ येई, आणि त्यांची पौरुषग्रंथी आयुष्यभर चिमुकलीच राही. हंटरचे निरीक्षण खरे होते; फक्त वृषण काढण्याची गरज नव्हती, तेवढे एक द्रव्य अडवले म्हणजे पुरे होते. त्यावरून फिनास्टेराइड हे औषध तयार झाले व १९९२ पासून अमेरिकेत मिळू लागले. मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करणारी औषधे त्याआधीच, जेरुसलेमच्या केन यांच्या १९७६ च्या सुमाराच्या कामापासून, पुढे येत होती. अमेरिकेत ५५६ पुरुषांवर केलेला एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मध्यम त्रास असलेल्यांपैकी काहींवर दुर्बिणीची शस्त्रक्रिया केली, तर काहींवर नुसती नजर ठेवली. शस्त्रक्रियेने गुण निश्चित अधिक आला; पण नजरेखाली थांबलेल्यांपैकीही पुष्कळांचे काही बिघडले नाही. तेव्हा रात्री दोनदा उठावे लागले की लगेच सुरीखाली निजावे, असे मुळीच नाही. लघवी वारंवार तुंबणे, तिच्यातून रक्त जाणे, खडे होणे, मूत्रपिंडांवर ताण येणे, ही लक्षणे निराळी. तेथे थांबणे महागात पडते.

गोळ्यांमुळे शस्त्रक्रिया कमी झाल्या, संपल्या नाहीत. मोठ्या गाठीचे काय करायचे, हा प्रश्न उरलाच होता. त्याचे उत्तर १९९० नंतरच्या दशकात न्यूझीलंडमधल्या टौरांगा या गावाहून आले. तेथल्या पीटर गिलिंग या शल्यवैद्याने होल्मियम लेसरचा किरण मूत्रमार्गातून आत नेला. त्या किरणाने त्याने काप काढले नाहीत. गाठ आणि टरफल यांच्या मधली तीच जुनी फट शोधली, तिच्यातून गाठ सोडवत आणली, मूत्राशयात ढकलली, आणि तेथे तिचा कीस करून बाहेर ओढून घेतला. शंभर-दीडशे ग्रॅमची गाठही या वाटेने निघते. धुण्यासाठी मिठाचे पाणी चालते, आणि नळी बहुधा एक-दोन दिवसांत काढता येते. फट तीच आहे, जी फ्रायरच्या बोटाला अंधारात लागली होती. फक्त आता ती पडद्यावर दिसते.